मायनस आलेले प्रश्न

"बैल, म्हैस, शेळी, कोंबडी. यातलं वेगळं कोण?"

प्रश्न माझाच, मुलांच्या बुद्धिमापन चाचणीसाठी मी लिहिलेला, आणि लिहिताना मला त्याचं बऱ्यापैकी कौतुक पण वाटलं होतं, कारण त्यात ते नेहमीचं सफरचंद-केळं-गाजर नव्हतं, सगळं गावाकडचं होतं. उत्तर कोंबडी. दोन पाय म्हणा, पंख म्हणा, अंडी देते म्हणा, काहीही कारण सांगा, एक मार्क. तर बीड जिल्ह्यातल्या एका झेडपीच्या शाळेत, ऑगस्टमध्ये, चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, तिने जराही न थांबता सांगितलं, "म्हस."

का गं?

"बाकीचे आम्ही कारखान्याला नेतो. म्हस आजीपाशी ऱ्हाती."

दिवाळी झाली की बीडकडून गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बैल तर लागतातच, शेळी-कोंबड्या पण संसाराबरोबर गाडीत, आणि म्हैस मागे म्हाताऱ्या माणसांजवळ. म्हणजे पोरीने चारातून एक बाजूला काढायला स्वतःचा नियम शोधला, तो नीट लावला, वर कारण सांगितलं. त्या प्रश्नातून मला जे तपासायचं होतं ते अगदी हेच की. पण मॅन्युअलमध्ये मीच टाइप केलं होतं, कोंबडी 1, इतर 0. मी शून्य मांडला आणि म्हणाले, "छान, आता पुढचं बघूया." हे वाक्य पण मॅन्युअलमधलंच. बरोबर आलं तरी छान, चुकलं तरी छान, सूर तोच, चेहरा कोरा.

एमए सायकॉलॉजी झाल्यावरची ही माझी दुसरी नोकरी. 9 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी मराठीतून बुद्धिमापन चाचणी बनवायची होती, आणि मी त्यात प्रश्न लिहिणारी, शाळाशाळांत जाऊन ते विचारणारी आणि रात्री लॉजवर बसून एक्सेल भरणारी, अशी तिन्ही. (चालू टेस्टमधले प्रश्न बाहेर बोलायचे नाहीत हा या धंद्यातला पहिला नियम आहे. मी इथे जे सांगतेय ते सगळे काढून टाकलेले आहेत, त्यामुळे बिनधास्त.)

लोकांना वाटतं की कोणीतरी हुशार माणूस खोलीत बसून खोल अर्थाचे प्रश्न काढतो आणि झाली टेस्ट. प्रत्यक्षात ते पाखडण्याचं काम आहे, सूप घ्यायचं आणि बसायचं. लागणार त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रश्न लिहायचे, पोरांवर ट्रायआउट घ्यायचा आणि मग प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढायचे. पहिला सोपा, किती पोरांना आला. सगळ्यांनाच आला तर टाका, कोणालाच नाही आला तरी टाका, कारण दोन्हीकडे पोरापोरात फरक काही दिसत नाही आणि टेस्टला फरक सोडून दुसरं काही दिसत नाही. मला हे कळायला जरा वेळच लागला की मग जे सगळ्यांना येतं ते कुठल्याच टेस्टमध्ये सापडणार नाही, ते पहिल्याच पाखडणीत उडून गेलेलं असतं.

दुसऱ्या आकड्याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. इथे हा शब्द शिवी नाहीये, गुण आहे. पोरं एकूण मार्कांप्रमाणे ओळीने लावायची, वरची 27 टक्के एका बाजूला, खालची 27 टक्के दुसऱ्या बाजूला (27 च का, तर ट्रूमन केली नावाच्या माणसाने 1939 मध्ये तसं गणित मांडून ठेवलंय आणि तेव्हापासून सगळे डोळे झाकून तेच करतात), आणि बघायचं की हा प्रश्न वरच्यांना जास्त आला की खालच्यांना. वरच्यांना जास्त आला तर आकडा प्लस, प्रश्न चांगला. दोघांना सारखाच तर शून्याच्या आसपास, प्रश्न निकामी. आणि खालच्यांना जास्त आला तर मायनस.

माझा एक प्रश्न चांगलाच मायनस आला.

प्रश्न साधा होता. चुलीवरचं गरम पातेलं उतरवायचंय आणि हाताशी सांडशी नाही, काय कराल? गावाकडच्या पोरांनी धडाधड उत्तरं दिली, फडकं, पोतं, आईचा पदर, रद्दीचा कागद दुमडून, एकाने तर सांगितलं की आधी जाळ ओढून घ्यायचा म्हणजे घाई राहत नाही. या शेवटच्यासाठी मला दोन मार्कांची सोय करायची होती. पुण्यातल्या शाळेतली बरीच पोरं म्हणाली, "आईला बोलवीन." बाकीच्या टेस्टमध्ये, म्हणजे शब्दसंग्रह, म्हणींचे अर्थ, आकड्यांच्या मालिका वगैरेत, पुण्याचीच पोरं वर. त्यामुळे हिशोबाने काय झालं, की हा प्रश्न 'कमी बुद्धीच्या' मुलांना येत होता आणि 'जास्त बुद्धीच्या' मुलांना येत नव्हता.

आमच्या मॅडम अनुभवी, रागावल्या वगैरे नाहीत. चहा पिता पिता स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा मायनस येतोय, काढ."

मी म्हणाले, पण मॅडम, प्रश्न चांगलाय.

"चांगलाच आहे. पण बाकीच्या प्रश्नांबरोबर चालत नाहीये."

आणि त्या चुकीचं बोलत नव्हत्या, हे मला आजही मान्य आहे. प्रश्नांचा गठ्ठा एकाच दिशेने धावायला हवा, दहा जण पूर्वेला आणि एक पश्चिमेला अशी बेरीज करता येत नाही. ती दिशा किती एक आहे हे बघायला अल्फा नावाचा आकडा असतो, 1951 मध्ये क्रॉनबॅकने रूढ केलेला, तो प्रबंधात एकाच्या जेवढा जवळ तेवढे गाइड खूश. मी पातेल्याचा प्रश्न काढला, अल्फा वाढला. मग म्हशीचा काढला, आणखी दोन-चार तसलेच काढले, अल्फा अजून वाढला. एक्सेलमध्ये 'काढलेले' नावाची तिसरी शीट केली आणि सगळे तिथे नेऊन ठेवले. मनात येत राहिलं की पूर्व कुठली ते कोणी ठरवलं? आम्हीच ना, बाकीचे प्रश्न लिहून! मी ऐंशी शब्दसंग्रहाचे आणि चार चुलीचे प्रश्न लिहिले, म्हणून चुलीचे मायनस आले. उलटं लिहिले असते तर पुण्याची पोरं खालच्या 27 टक्क्यांत बसली असती आणि म्हणींचे अर्थ 'काढलेले'मध्ये गेले असते.

प्रश्न पक्के झाले की मग नॉर्म. हा भाग कोणाला फारसा माहीत नसतो आणि सगळी मेख इथेच आहे. शाळेच्या पेपरात 40 पैकी 30 पडले की त्याला अर्थ असतो, पण बुद्धिमापन चाचणीत 30 उत्तरं बरोबर आली याला एकट्याला काहीच अर्थ नाही. त्याच वयाच्या इतर मुलांना किती येतात हे आधी माहीत पाहिजे, त्या गर्दीत हे पोर कुठे उभं राहतं त्यावरून त्याचा आकडा ठरतो. ती गर्दी म्हणजे नॉर्म. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो तसं, फक्त इथे शीत आपल्या पोराचं आणि भात दुसऱ्याच कुणाच्या पातेल्यातला.

आमचं नॉर्मचं काम जानेवारीत लागलं. ग्रांट मार्चच्या आत संपवायची होती, कारण एवढंच. मी त्याच शाळेत परत गेले. चौथीच्या वर्गात अर्धे बाक रिकामे. गुरुजींना विचारलं, ती मुलगी कुठंय, ते म्हणाले, "कारखान्याला गेली की. आता पाडव्याच्या आसपास येतील." मी हजेरीपट घेऊन बसले आणि जी हजर होती त्यांची टेस्ट घेतली. अहवालात पुढे 'ग्रामीण नमुना' असं लिहिलं गेलं आणि ते खोटं नाहीये, शाळा ग्रामीणच होती. पण ज्या गर्दीशी तुलना करून त्या मुलीचा आकडा काढायचा त्या गर्दीत ती आणि तिच्यासारखी पोरं नव्हतीच, ती कुठल्यातरी फडात पाचटावर बसली असतील.

हे सगळं सुरू झालं ते पॅरिसमध्ये. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाली, मग वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं असा प्रश्न उभा राहिला, सरकारने 1904 मध्ये समिती नेमली आणि आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या 30 कामांची पहिली चाचणी आणली. बिनेला मुलांच्या कपाळावर आकडा चिकटवायचा नव्हता, कोणाला जादा मदत लागेल ते हुडकायचं होतं, आणि बुद्धी सरावाने वाढते असं तो म्हणायचा, तसे व्यायाम पण त्याने तयार केले होते. तो 1911 मध्ये गेला. विल्यम स्टर्नने मानसिक वयाला (म्हणजे पोराला किती वयापर्यंतचे प्रश्न येतात त्याला) खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली ती 1912 मध्ये. म्हणजे आयक्यू ही भानगड बिनेने बघितलीच नाही, बिचारा.

आपल्याकडे ती मराठीत आली डॉ. व्ही. व्ही. कामतांमुळे. त्यांनी धारवाडकडच्या मुलांवर काम केलं, धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बिनेची चाचणी बसवली, 1934 च्या सुमारास. नुसतं भाषांतर केलं नाही, इथल्या मुलांना प्रश्न विचारून कुठला प्रश्न कुठल्या वयाला बसतो ते परत लावून बघितलं. कसल्या गाड्या होत्या तेव्हा, कसले रस्ते, आणि हा माणूस चित्रं-बित्रं घेऊन शाळा पालथ्या घालत होता, त्याबद्दल मला खरंच आदर वाटतो. पण बिने-कामत टेस्ट अजूनही वापरात आहे आणि तिचं मूळ पातेलं 1930 च्या दशकातलं आहे. 1984 मध्ये जेम्स फ्लिनने अमेरिकेतले आकडे जोडून दाखवलं की पिढीगणिक स्कोअर वाढत जातात, म्हणजे जुन्या नॉर्मवर नवीन पोरं उगाचच हुशार दिसतात. आमच्या पिढीच्या आया कोणत्या मुलांशी आपल्या मुलांची तुलना करतायत हे त्यांना सांगितलं तर त्या चक्रावतील. स्वतःच्या आजोबा-पणजोबांशी!

टेस्ट म्हणजे सगळा घोळच, असं मात्र मला म्हणायचं नाहीये. माझ्या मामेभावाने रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी फॉर्म भरला होता. लेखी झाली, मग ती 'सायको', पोरं तसंच म्हणतात, कॉम्प्युटरवर असते, स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, झटकन ओळखणं अशा पाच बॅटऱ्या, म्हणजे चाचण्या. लखनौच्या आरडीएसओचं, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेचं हे काम, आणि नियम असा की प्रत्येक बॅटरीत टी-स्कोअर किमान 42 हवा, चारात भारी आणि एकात कमी असं चालत नाही. तो एकात अडकला. घरी सगळ्यांना वाटलं शंभरात 42 पण पडले नाहीत काय रे तुला, पस्तीसला तर पास असतं. त्याला अर्धा तास कागदावर काढून दाखवलं की टी-स्कोअरमध्ये सरासरी माणूस 50 वर धरतात आणि गर्दीचा पसारा दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतात, त्यामुळे 42 म्हणजे नेहमीसारखी गर्दी धरली तर शंभरातले साधारण एकवीस जण त्या आकड्याच्या खाली. तो म्हणाला, "म्हणजे मी त्या एकविसात." हो. आणि मला वाईट वाटलं तरी त्या टेस्टबद्दल तक्रार नाही, कारण ती त्याला हुशार की ढ असं काही म्हणतच नाही, सिग्नल वेळेत दिसणं कामाचा भाग आहे आणि ती तेवढंच विचारते.

राग मला दुसऱ्याच प्रकारांचा येतो. ते पर्सनॅलिटी टेस्टचे पीडीएफ, चार अक्षरं किंवा चार रंग, एचआरवाले टीम बिल्डिंगला वाटतात आणि मग सगळे एकमेकांना "अरे अगदी मीच" म्हणतात. बर्ट्रम फोररने ही गंमत 1949 मध्येच करून ठेवलीय. 39 विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली, प्रत्येकाला त्याचा म्हणून 'खास' निष्कर्ष दिला, किती जुळतं ते पाचपैकी मार्कांत विचारलं, सरासरी आली 4.26. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. आपल्याकडे रविवारच्या पुरवणीत राशिभविष्य वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दहावीच्या कल चाचणीचं पण असंच, म्हणजे चाचणीचं नाही, आपण ती वाचायचो त्याचं. 2016 मध्ये ती राज्यभर सुरू झाली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका पोराचा कल आला गणवेशधारी सेवा. त्याचे वडील गेटकडे बघत म्हणाले, "गणवेश तर आपला वॉचमन पण घालतो." कल म्हणजे काय आवडतं. काय जमेल ते वेगळं मोजावं लागतं. पण कागदावर सरकारी शिक्का असला की आवडीचं भाकीत व्हायला वेळ लागत नाही.

चांगलं काम करणारे लोक पण असतात, ते सांगितलं नाही तर पाप लागेल. म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासायला मिनी मेंटल स्टेट नावाची 30 मार्कांची चाचणी 1975 पासून जगभर चालते. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, कागदावरचं वाक्य वाचून तसं करायला सांगतात. माझ्या आजीला यातलं काहीच आलं नसतं, ती पंच्याऐंशीव्या वर्षी सुद्धा गल्लीतल्या प्रत्येक घराच्या उधारीचा हिशोब तोंडी सांगायची. तर 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हाताऱ्यांसाठी हिची हिंदी आवृत्ती केली, तेव्हा शंभरातून सातऐवजी विसातून तीन-तीन वजा करा असं केलं, आणि वाक्य वाचण्याऐवजी, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा. मला हे वाचून फार बरं वाटलं. कोणीतरी तिथे त्या बाजेवर बसून विचार केला होता की या माणसाला न येणारी गोष्ट विसरण्यामुळे येत नाही की कधी शिकवलीच नव्हती म्हणून येत नाही.

आता मी टेस्ट बनवत नाही, घेते. एका सरकारी दवाखान्यात, आठवड्यातून दोन दिवस, दिव्यांग प्रमाणपत्राच्या केसेस. मागच्या हिवाळ्यात एक अकरा वर्षांचा मुलगा आला वडिलांबरोबर, पहाटेच्या एसटीने निघालेले, माझ्या टेबलापर्यंत पोचायला त्यांना एक वाजला. पोर भुकेजलेलं. त्याला आधी बिस्किटाचा पुडा दिला, हे मॅन्युअलमध्ये नाही. मग बिने-कामत.

या चाचणीत बुद्धी महिन्यांत मोजतात. दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वयाला सहा प्रश्न, एक प्रश्न आला की मानसिक वयात दोन महिने जमा. याचं सगळं मिळून भरलं साडेसात वर्षं, म्हणजे 90 महिने. खरं वय 132 महिने. नव्वद भागिले एकशेबत्तीस गुणिले शंभर, 68. अजून दोन प्रश्न आले असते तर 71. आणि प्रमाणपत्राच्या तक्त्यात सत्तरच्या जरा खाली स्कोअर असला की 50 टक्के दिव्यांगत्व, 70 ते 84 असला की 25, आणि सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. (सामाजिक वयाची वेगळी चाचणी पण असते, वाइनलँड, ती भारतात बसवली डॉ. मालिन यांनी. तिच्यातही तो याच पट्ट्यात आला.) म्हणजे दोन प्रश्न. पहाटेची एसटी, रांग, भूक, एक बिस्किटाचा पुडा, यात दोन प्रश्न इकडचे तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो! पुस्तकात याला एरर ऑफ मेजरमेंट म्हणतात आणि चांगल्यातल्या चांगल्या टेस्टला, म्हणजे विश्वासार्हता (परत घेतली तर तसाच आकडा येण्याची खात्री, जास्तीत जास्त 1) 0.91 धरली तरी, तो साडेचार गुणांचा निघतो. त्यामुळे खरं म्हणजे 68 असं लिहायलाच नको, दोन्हीकडे त्याच्या दुप्पट जागा सोडून साधारण 59 ते 77 च्या मधे कुठेतरी असं लिहायला पाहिजे. पण फॉर्मवर चौकोन एकच असतो आणि त्यात दोनच अंक मावतात.

मी वडिलांना समोर बसवून सांगितलं, की बाबा, मुलाला शिकायला वेळ लागणार, त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवायला लागेल, प्रमाणपत्र मिळेल, त्याचे फायदे असे असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग जरा पुढे वाकून विचारलं, "किती पडले पण त्याला?"

सांगायचं नव्हतं, पण रिपोर्टवर दिसणारच होतं. म्हटलं, अडुसष्ट.

त्यांचा चेहरा उजळला. पोराच्या पाठीवर हात ठेवला. "मग फर्स्ट क्लासच की हो मॅडम."

मला तिथे परत टी-स्कोअरसारखं कागद काढून बसायला पाहिजे होतं, मामेभावाला समजावलं तसं, की दादा हे तसले मार्क नाहीत. मी तोंड उघडलं सुद्धा. बाहेर शिपाई पुढच्या केसचं नाव पुकारत होता. ते म्हणाले, घरी ह्याची आई विचारंल, मला आकडे ध्यानात राहत नाहीत, जरा लिहून द्या. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे 68 लिहिलं आणि दिलं. त्यांनी ती चिठ्ठी लांब धरून बघितली, घडी घालता घालता थांबले, परत माझ्यापुढे सरकवली.

"कितीपैकी ते पण लिहा ना."